स्वारीची विद्युत सूटकेस आणि विमानप्रवास

स्वारीची विद्युत सूटकेस म्हणजे जिच्यावर बसून सपाट जागेवरून पुढे जाता येते अशी, मोटर आणि बॅटरी बसवलेली प्रवासी पेटी. विमानतळाच्या लांबलचक दालनांतून सामान ओढत नेण्याऐवजी सामानावरच बसून जावे, या कल्पनेतून ती आकाराला आली. जाहिरातींत ती विमानप्रवासासाठीच बनवलेली वस्तू म्हणून दाखवली जाते. प्रत्यक्षात विमानात तिला प्रवेश मिळणे ही तिच्याबाबतची सर्वांत अवघड गोष्ट आहे. पेटी किती मजबूत किंवा किती महाग आहे यावर हा प्रवेश अवलंबून नसतो. तिची बॅटरी किती क्षमतेची आहे, ती सहज काढता येते का आणि संबंधित विमान कंपनी त्या पेटीला सामान समजते की वाहन, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तो ठरतो.

नाव

या वस्तूला मराठीत अद्याप रूढ नाव नाही. ‘स्मार्ट सूटकेस’ हा शब्द तिच्यासाठी सर्रास वापरला जातो, पण तो अपुरा आहे. मोबाइल भारित करण्याची सोय, वजनकाटा किंवा ठिकाण दाखवणारे यंत्र असलेली पेटीही स्मार्ट सूटकेसच असते, मात्र तिच्यावर बसून जाता येत नाही. ‘सूटकेस-स्कूटर’ हा शब्द अर्थाला जवळचा असला तरी विमानतळावर तो अडचणीचा ठरू शकतो, कारण स्कूटर म्हटले की वाहनाचे नियम आठवतात. ‘स्वारी’ या शब्दात बसून जाण्याची क्रिया आणि बसणारी व्यक्ती असे दोन्ही अर्थ मराठीत सामावलेले असल्याने या लेखात तो वापरला आहे.

रचना

पेटीचा सांगाडा सहसा ॲल्युमिनियमचा किंवा कठीण प्लॅस्टिकचा असतो. बसणाऱ्याचे वजन झाकणावर न येता सांगाड्यातून चाकांवर उतरेल अशी आतील मांडणी केलेली असते. मोटर बहुधा चाकाच्या तुंब्यातच बसवलेली असते. ओढण्याचा दांडा बाहेर काढला की तो सुकाणूचे काम करतो आणि त्याच्या टोकाशी वेग व ब्रेक यांच्या कळा असतात. पाय टेकवण्यासाठी दोन्ही बाजूंना घडीच्या पट्ट्या किंवा खुंट्या दिलेल्या असतात. शिकागोतील एका उद्योगाने २०१६ मध्ये लोकवर्गणीतून बाजारात आणलेल्या ‘मोडोबॅग’ या पेटीचे वजन सुमारे ९ किलो, तर कमाल वेग ताशी सुमारे १३ किलोमीटर होता. त्यानंतर निघालेल्या अनेक चिनी पेट्यांचा वेगही याच्या आसपास आहे. माणसाची सामान्य चाल ताशी पाच किलोमीटरच्या घरात असते, हे लक्षात घेतले तर गर्दीच्या दालनात हा वेग थोडा नव्हे.

बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. एखाद्या नमुनेदार पेटीत बोटभर लांबीचे दहा सेल ओळीने जोडून ३६ व्होल्टचा संच केलेला असतो. चांगल्या पेटीत हा संच वरच्या कप्प्यात असतो आणि खटका दाबून किंवा झाकण सरकवून बाहेर निघतो. तो निघाला की उरते ती जरा जड अशी साधी चाकांची सूटकेस. स्वस्त किंवा जुन्या पेट्यांत तो तळाशी स्क्रूने जखडलेला आढळतो. दुकानात हा फरक फारसा कोणाच्या नजरेत भरत नाही. विमानतळावर मात्र पहिला प्रश्न त्याविषयीच विचारला जातो.

पूर्वेतिहास

प्रवासी पेटीला चाके लागण्यासच फार उशीर झाला. अमेरिकेतील बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सूटकेसचे पेटंट १९७२ मध्ये मिळाले. त्यांची पेटी आडवी असून ती पट्ट्याने ओढावी लागे. आज सर्वत्र दिसणारी, उभी राहणारी आणि दांड्याने ओढायची पेटी १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने तयार केली. तिच्यात मोटर बसवण्याचे प्रयत्न पुढे अनेकांनी केले. २०१४ मध्ये चीनच्या हुनान प्रांतातील हे लियांगकाय या शेतकऱ्याने घरी बनवलेली, दोन माणसांना वाहून नेणारी सुमारे ७ किलोची सूटकेस जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. त्यासाठी त्यांनी दहा वर्षे खर्च केली होती.

या पेटीचे भवितव्य मात्र शेजारच्याच एका वस्तूने ठरवले. दोन चाकांची, उभे राहून चालवायची ‘हॉव्हरबोर्ड’ ही फळी २०१५ मध्ये अमेरिका-युरोपात अतिशय लोकप्रिय झाली आणि काही महिन्यांतच तिच्या बॅटऱ्या पेट घेत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांनी हॉव्हरबोर्डला चेक-इन सामानात आणि हातसामानातही बंदी केली. जुलै २०१६ मध्ये तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने सुमारे पाच लाख हॉव्हरबोर्ड बाजारातून परत बोलावले. बसून किंवा उभे राहून चालवण्याची, बॅटरीवरची कोणतीही छोटी वस्तू दिसली की विमान कंपनीचा कर्मचारी आज साशंक होतो. त्याचे मूळ या प्रकरणात आहे.

दुसरा धक्का डिसेंबर २०१७ मध्ये बसला. अमेरिकन, डेल्टा आणि अलास्का या विमान कंपन्यांनी १५ जानेवारी २०१८ पासून न निघणाऱ्या बॅटरीच्या स्मार्ट पेट्या घेणार नसल्याचे जाहीर केले. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघाची, म्हणजेच आयाटाची मार्गदर्शक सूचनाही त्याच सुमारास आली. ‘ब्लूस्मार्ट’ ही या क्षेत्रातील गाजलेली कंपनी न निघणारी बॅटरी बसवलेल्या पेट्या विकत असे. मे २०१८ मध्ये तिने व्यवसाय बंद केला. तिच्या पेट्या स्वारीच्या नव्हत्या, त्यांतील बॅटरी मोबाइल भारित करण्यापुरती होती. तरीही एका नियमाने अख्खी कंपनी बुडाली आणि विकत घेतलेल्या पेट्या ग्राहकांच्या घरी पडून राहिल्या. स्वारीच्या पेट्या बनवणाऱ्यांनी हा धडा घेतला. त्यानंतर निघालेल्या पेट्यांत काढता येणारी बॅटरी हे विक्रीचे मुख्य वैशिष्ट्य झाले.

बॅटरीचा धोका

लिथियम-आयन सेलच्या आत दोन विद्युतअग्रांमध्ये अतिशय पातळ सच्छिद्र पडदा असतो आणि भोवती ज्वलनशील द्रव असतो. मार बसल्याने, निर्मितीतील दोषाने किंवा प्रमाणाबाहेर भारित केल्याने हा पडदा फाटला तर सेलमध्ये अंतर्गत शॉर्ट सर्किट होते, उष्णता वाढते आणि त्या उष्णतेनेच पुढच्या रासायनिक क्रिया अधिक वेगाने होऊ लागतात. तंत्रज्ञ यास ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. एक सेल पेटला की त्याची धग शेजारच्या सेलला पेटवते. हा वणवा बाहेरची ज्वाला विझवल्याने थांबत नाही, सेल थंड करावे लागतात.

प्रवासी विमानाच्या मालकक्षातील अग्निशामक यंत्रणा हॅलॉन वायूवर आधारलेली असते. हा वायू उघडी ज्वाला विझवतो, परंतु सेलमधील उष्णता तो शोषून घेत नाही. उड्डाणात मालकक्षापर्यंत कोणी पोहोचूही शकत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनला निघालेले यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान मालकक्षात लागलेल्या आगीमुळे दुबईजवळ कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. त्या मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजेच इकाओने १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यास बंदी केली.

‘बॅटरी धोकादायक आहे तर ती माणसांच्या डोक्यावर कशाला ठेवायची?’ असा प्रश्न प्रवासी नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. प्रवासी कक्षात धूर लगेच दिसतो, वास येतो, कर्मचारी अग्निशामकाने ज्वाला विझवून मग पाणी ओतून सेल थंड करू शकतात, हे त्याचे उत्तर आहे. प्रवासी कक्ष निर्धोक आहे असा याचा अर्थ नाही. तेथे आग लवकर दिसते आणि तिच्यापर्यंत पोहोचता येते, इतकाच आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानच्या गिमहे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेले एअर बुसानचे एअरबस ए३२१ विमान डोक्यावरच्या कप्प्यातून सुरू झालेल्या आगीत जळाले. त्यातील १७६ जण बाहेर पडू शकले, कारण विमान जमिनीवर होते. तपासात पॉवर बँकेवर संशय व्यक्त झाला आणि १ मार्च २०२५ पासून दक्षिण कोरियाने पॉवर बँका वरच्या कप्प्यात न ठेवता प्रवाशाने जवळ बाळगाव्यात असा नियम केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेले विमान धावपट्टीकडे जात असताना एका प्रवाशाच्या पॉवर बँकेने पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी आग आटोक्यात आणली आणि कोणालाही इजा झाली नाही.

स्वारीच्या सूटकेसची बॅटरी लॅपटॉपच्या बॅटरीपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. लॅपटॉप मांडीवर किंवा टेबलावर राहतो. सूटकेस फरशीच्या सांध्यांवरून, उंबरठ्यांवरून, फुटपाथच्या कडांवरून आदळत जाते, तिच्यावर माणसाचे वजन असते आणि पावसात ती भिजतेही. सेलला बसलेला मार बाहेरून दिसत नाही.

वॅट-तासांचा हिशेब

बॅटरीत साठणारी ऊर्जा वॅट-तासांत मोजतात आणि विमानप्रवासाचे नियम याच एककावर उभे आहेत. व्होल्ट आणि ॲम्पिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. बॅटरीवर ३६ व्होल्ट आणि २ ॲम्पिअर-तास असे छापले असेल तर तिची ऊर्जा ७२ वॅट-तास होते. आकडा मिलिॲम्पिअर-तासांत दिला असेल तर त्याला आधी एक हजाराने भागावे लागते. ३.७ व्होल्टची २०,००० मिलिॲम्पिअर-तासांची पॉवर बँक अशा रीतीने ७४ वॅट-तासांची ठरते. म्हणजे स्वारीच्या छोट्या सूटकेसची बॅटरी आणि रोजच्या वापरातली मोठी पॉवर बँक यांत ऊर्जेच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी प्रवाशाला वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. १०० ते १६० वॅट-तासांच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची पूर्वसंमती लागते. १६० वॅट-तासांपुढची बॅटरी प्रवाशाच्या सामानात चालत नाही. अपवाद फक्त चाकाच्या खुर्चीसारख्या साधनांचा. हॉव्हरबोर्डमध्ये सर्रास वापरला जाणारा ३६ व्होल्ट आणि ४.४ ॲम्पिअर-तासांचा संच या हिशेबाने १५८.४ वॅट-तासांचा भरतो. मर्यादेच्या अगदी काठावर बसणारा हा आकडा योगायोगाचा नसावा. कंपन्यांनी मात्र काठावरचा हिशेब मान्य न करता ती वस्तूच नाकारली.

सामानाच्या पेटीत बसवलेल्या बॅटरीसाठी याखेरीज आणखी एक अट आहे. बॅटरी काढता येत नसेल तर तिची मर्यादा १०० नव्हे, केवळ २.७ वॅट-तास आहे. आजच्या मोबाइलच्या बॅटरीचा हा सुमारे सातवा भाग झाला. एवढ्या ऊर्जेवर पेटीचे ठिकाण सांगणारे छोटे यंत्र चालते, माणूस वाहून नेणारी मोटर चालत नाही. त्यामुळे न निघणाऱ्या बॅटरीची स्वारीची सूटकेस मालकक्षातही जात नाही आणि प्रवासी कक्षातही जात नाही.

बॅटरी निघत असेल आणि पेटी चेक-इन करायची असेल, तर बॅटरी काढून प्रवासी कक्षात नेणे सक्तीचे आहे. काढलेली बॅटरी नियमांच्या भाषेत ‘सुटी बॅटरी’ होते आणि सुट्या बॅटरीची टोके झाकावी लागतात. मूळ वेष्टन, चिकटपट्टी किंवा वेगळी पिशवी यांपैकी काहीही चालते; पर्समधल्या किल्ल्या किंवा नाणी त्या टोकांना टेकू नयेत, हा हेतू. बॅटरीवरचा वॅट-तासांचा छाप पुसलेला असेल किंवा मुळात नसेल तर तपासणी अधिकाऱ्याला क्षमता पडताळण्याचे साधन उरत नाही आणि ती अडवली जाते. बहुतेक पेट्या चीनमध्ये बनतात आणि तिथेही नियम कडक होत आहेत. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत उड्डाणांत ‘थ्री-सी’ हे सुरक्षाचिन्ह नसलेल्या पॉवर बँकांना मनाई आहे. पेटीच्या काढलेल्या बॅटरीला मोबाइल जोडण्याचे छिद्र असेल तर ती पॉवर बँकेसारखीच वागते, ही गोष्ट तेथून प्रवास करणाऱ्याने ध्यानात घ्यावी.

सामान की वाहन

वरील सगळ्या अटी पुऱ्या केल्या तरी विमान कंपनी नाही म्हणू शकते. इकाओ आणि आयाटा यांचे नियम किमान सुरक्षेची पातळी ठरवतात. त्याहून कडक अट घालण्याचा अधिकार प्रत्येक कंपनीला असतो. अनेक कंपन्यांच्या प्रतिबंधित वस्तूंच्या यादीत हॉव्हरबोर्ड, विजेरी स्केटबोर्ड, एकचाकी आणि तत्सम ‘छोटी वैयक्तिक वाहने’ अशी एक ओळ असते. स्वारीची सूटकेस त्या ओळीत बसते की सामानाच्या ओळीत, याचा निर्णय कंपनीचा असतो आणि एकाच बॅटरीच्या पेटीला दोन कंपन्यांकडून दोन उत्तरे मिळतात. मुंबईहून एका कंपनीने जाऊन पुढे दुसऱ्या कंपनीने प्रवास करणाऱ्यास दोघींचे नियम आणि परतीचे नियमही आधी पाहावे लागतात. पहिल्या टप्प्यात पेटी गेली एवढ्यावरून पुढच्या टप्प्यात ती जाईलच असे होत नाही.

जाहिरातींत ‘विमानप्रवासास मान्यताप्राप्त’ असा शिक्का दिसतो. अमेरिकेचे हवाई वाहतूक प्रशासन किंवा आयाटा सूटकेसच्या एखाद्या मॉडेलला अशी मान्यता देत नाही. पेटीची बॅटरी नियमात सांगितलेल्या मर्यादेत आहे, एवढेच विक्रेत्याला म्हणायचे असते. हा शिक्का दाखवून काउंटरवर वाद घालण्याचा उपयोग होत नाही. वादाच्या वेळी उपयोगी पडतो तो बॅटरीवरचा छापील आकडा आणि कंपनीने आधी लेखी दिलेले उत्तर.

भारतातील स्थिती

धोकादायक वस्तूंच्या हवाई वाहतुकीबाबत भारताने २००३ च्या नियमांद्वारे इकाओच्या तांत्रिक सूचना लागू केल्या असून नागरी विमान वाहतूक महासंचालनालय त्यांवर देखरेख करते. त्यामुळे १०० आणि १६० वॅट-तासांच्या मर्यादा, न निघणाऱ्या बॅटरीवरील बंदी आणि सुटी बॅटरी प्रवासी कक्षातच ठेवण्याची अट भारतातही तीच आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या विमानतळांवर प्रवाशांची सुरक्षा तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे कर्मचारी करतात. विमान कंपनीने पेटी स्वीकारली तरी बॅटरी त्यांच्या क्ष-किरण यंत्रापुढून जावी लागते.

भारतात या पेटीची खरी अडचण वजनाची आहे. देशांतर्गत उड्डाणांत सामान्य वर्गासाठी हातसामानाची मर्यादा सहसा ७ किलो असते. नऊ किलोची पेटी रिकामी असतानाच ती मर्यादा ओलांडते. जाहिरातीत ‘केबिन बॅग’ म्हणून दाखवलेली ही पेटी भारतीय प्रवाशाला म्हणूनच बहुधा चेक-इन करावी लागते. चेक-इन म्हटले की बॅटरी काढणे आले. ती स्क्रूने बसवलेली असेल तर स्क्रूड्रायव्हर हवा, आणि स्क्रूड्रायव्हर हातसामानात चालत नाही! त्यामुळे काउंटरवर पेटी देण्यापूर्वीच बॅटरी बाहेर काढलेली असणे इष्ट.

आणखी एक प्रसंग अनेकांच्या लक्षात येत नाही. पेटी हलकी असून प्रवासी कक्षात चालली आणि बॅटरी आतच राहिली, तरी विमानाच्या दाराशी वरचे कप्पे भरल्याचे सांगून कर्मचारी ती मालकक्षात पाठवू शकतात. महाराष्ट्रातील छोट्या शहरांना जोडणाऱ्या सेवांत वापरल्या जाणाऱ्या एटीआर-७२ सारख्या विमानांत वरचे कप्पे लहान असल्याने हे नेहमी घडते. त्या क्षणी बॅटरी काढून घेणे ही प्रवाशाची जबाबदारी असते. घाईत ती आत राहिली, तर सर्व तपासण्या पार केलेली बॅटरी नेमकी जिथे नको तिथे, मालकक्षात जाऊन पडते. पेटीत बॅटरी आहे हे बाहेरून पाहून कर्मचाऱ्याला कळेलच असे नाही. म्हणून ते त्याला सांगणे महत्त्वाचे.

विमानतळावर आणि रस्त्यावर चालवणे

पेटी विमानात नेता येणे आणि ती विमानतळावर चालवता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा निर्णय विमान कंपनी घेत नाही, विमानतळाचे व्यवस्थापन घेते. जपानमध्ये परदेशी पर्यटकांसोबत अशा पेट्या मोठ्या संख्येने येऊ लागल्यावर ओसाकाजवळचा कान्साई आणि नागोयाजवळचा चुबू सेंट्रेअर या विमानतळांनी त्या आवारात न चालवण्याची विनंती प्रवाशांना केली. फुटपाथवर स्वारीची सूटकेस चालवल्याबद्दल ओसाका पोलिसांनी एका परदेशी महिलेविरुद्धचे प्रकरण २०२४ मध्ये सरकारी वकिलांकडे पाठवले. जपानी कायद्याने तिची पेटी मोटरयुक्त सायकल ठरली होती आणि तिच्याकडे त्यासाठीचा परवाना नव्हता. जपानने १ जुलै २०२३ पासून विजेरी स्कूटरसारख्या छोट्या वाहनांसाठी विनापरवाना वर्ग निर्माण केला असला तरी त्यातही नंबरप्लेट, विमा आणि दिवे यांची सक्ती आहे. सूटकेसला नंबरप्लेट लावण्याची कल्पना अजून कोणा उत्पादकाने मनावर घेतलेली दिसत नाही.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीचे आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे बॅटरीचे वाहन काही अटींवर ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून वगळले जाते. पण ही सूट आपोआप मिळत नाही. ते वाहन मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेले असावे लागते, आणि पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक आहे. परदेशातून आणलेल्या सूटकेसपाशी असे प्रमाणपत्र नसते. ती विमानतळाच्या दारातून बाहेर काढून थेट रिक्षाथांब्यापर्यंत चालवणे म्हणूनच दिसते तितके निरुपद्रवी नाही. शिवाय तिची लहान, टणक चाके गुळगुळीत फरशीसाठी बनवलेली असतात. खड्ड्यात अडकली की पुढे झुकलेला माणूस प्रथम खाली येतो.

चाकाच्या खुर्चीशी असलेला फरक

वयोवृद्ध किंवा गुडघेदुखीने त्रस्त प्रवासी ही पेटी चाकाच्या खुर्चीला पर्याय म्हणून विचारात घेतात. नियमांत मात्र दोहोंचे स्थान निराळे आहे. अपंगत्व, आजार, वय किंवा तात्पुरती दुखापत यांमुळे चालणे मर्यादित झालेल्या प्रवाशाच्या साधनाला ‘गतिशीलता साधन’ म्हणून विशेष सवलत असते. घडीच्या विजेरी खुर्चीची काढता येणारी एक बॅटरी ३०० वॅट-तासांपर्यंत, किंवा दोन असल्यास प्रत्येकी १६० वॅट-तासांपर्यंत नेता येते, तीही विमान कंपनीच्या संमतीने. साधे सामान म्हणून आणलेल्या सूटकेसला ही सवलत मिळत नाही. चालणे खरोखर अवघड असलेल्या प्रवाशाने आपली गरज तिकीट काढतानाच कंपनीला कळवावी, म्हणजे पेटीबाबतचा निर्णय आधीच समजतो आणि ती नाकारली गेली तरी विमानतळावरील खुर्ची व मदतनीस यांची सोय होऊ शकते. ऐनवेळी काउंटरवर पेटी अडली तर अशा प्रवाशाचे दुहेरी हाल होतात: सामान मागे राहते आणि दारापर्यंत चालत जाण्याचा प्रश्नही उभा राहतो.